चाळीची तुळई आणि बांधावरचा साग

गेल्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी दोन-तीन सभासदांनी आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "बांधावरच्या सागाचं काय करायचं हो?" प्रश्न उसाचा नव्हता म्हणून सभेत निघाला नाही; पण आपल्या कार्यक्षेत्रात तो अनेक घरांत आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत साग-लागवडीच्या जाहिरातींचा कसा पाऊस पडला होता, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. वीस वर्षांत एका झाडाचे लाखभर रुपये, असे हिशेब छापून येत. ते वाचून आम्हीही ४० रोपे घेतली आणि बांधावर लावली. ३७ जगली. ज्या कंपनीकडून रोपे घेतली तिचे ऑफिस पुढे कोणालाच सापडले नाही, ते जाऊ द्या. झाडे मात्र उभी आहेत. परवा एक व्यापारी येऊन बुंध्याला कवेत धरून गेला आणि जळणापेक्षा थोडा बरा असा भाव सांगून गेला. वर म्हणाला, "तुळई निघत नाही साहेब यातनं. गाभा कमी, पांढरं जास्त."

तुळई निघत नाही, हा शब्द डोक्यात घेऊनच आम्ही पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या कामासाठी मुंबईस निघालो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी मार्गाचा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला, तेव्हापासून ड्रायव्हर मंडळींना जुना आग्रा रोड नकोसा वाटतो. आम्हांला मात्र कसारा घाट उतरून खर्डी, आटगाव, आसनगाव असे जाणेच आवडते. दोन्ही बाजूंना सागाचे रान, डावीउजवीकडे कुठेतरी रेल्वे, पुढे माहुलीचे सुळके. आटगावला चहाला थांबलो तर रस्त्याच्या कडेला एका शेडपुढे ट्रक रिकामा होत होता. मुंबईत पाडलेल्या एका चाळीचे जुने लाकूड होते. पलीकडे मुरबाडच्या बाजूला कोणी शेतघर बांधतो आहे, त्याच्यासाठी ते कापून, रंधून द्यायचे होते.

तुळया पाहून आम्ही उठून गेलोच. वीतभर रुंद, त्याहून उंच, पंधरा-सोळा फूट लांब, एकेक सरळ. वर शंभर वर्षांचा काळा रंग, पण मिस्त्रीने एका ठिकाणी रंधा फिरवला तर आत सोन्यासारखे लाकूड निघाले, आणि वाससुद्धा आला. आमच्या मनात आले की हे याच रानातून गेलेले असणार. १८६१ साली आगगाडी कसाऱ्यापर्यंत आली; तेव्हा इथून लाकूड मुंबईला गेले, आणि आज तेच माघारी आले. कल्पना छान होती. शेजारी खाटेवर एक वयस्क बाबा बसले होते, त्यांना ती बोलून दाखवली. त्यांनी तुळईवर नख ओढले आणि मान हलवली. "नाय भाऊ. ह्यो बर्म्याचा हाय. आपला साग एवढा सरल कुठं येतो? आपला वाकडा, गाठीचा. पन घट."

बाबांचे खरे होते. मुंबईच्या गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, डोंगरी या भागांतल्या जुन्या चाळींना ब्रह्मदेशाचे सागवान फार वापरले गेले. बॉम्बे बर्मा ही कंपनी १८६३ ची. ब्रह्मदेशातील मोठ्या साग-व्यापाऱ्यांत तिचे नाव होते. त्याआधी मलबारचा साग समुद्रमार्गे मुंबईच्या गोदीत येई. वाडिया मंडळींनी १८१७ साली त्याच गोदीत सागाचे 'ट्रिंकोमाली' नावाचे लढाऊ जहाज बांधले, ते आज दोनशे वर्षांनंतर इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. सागाच्या टिकाऊपणाचा याहून मोठा दाखला कोणता द्यावा?

आमच्या मामांची खोली गिरगावात अशाच एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर होती. शिक्षणाच्या दिवसांत आम्ही तिथे दोन वर्षे काढली. लाकडी जिना, लाकडी गॅलरी, जमिनीखाली लाकडी तुळया, भिंतींत लाकडी खांब आणि मध्ये विटांची भर. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर बारा बिऱ्हाडे. कोणी मुसळाने काही कुटू लागले की आमचा पेला फळीवर थरथरायचा. आज शहरात मध्यम उंचीची लाकडी घरे बांधावीत असा विचार परदेशातून आला, की आपल्याकडे लोक हसतात: लाकडाच्या चार-सहा मजली इमारतीत माणसे राहतील का? अहो, राहिली की! लाखोंनी राहिली, गिरणी चालवून राहिली, लग्ने-बारशी करून राहिली.

मग त्या चाळी पडतात का? इथे आटगावच्या ट्रकने आम्हांला शिकवले. मिस्त्री प्रत्येक तुळईचे एक टोक हातभर कापून बाजूला टाकत होता. आम्ही एक टोक उचलले तर हातात भुगा झाला. उरलेली चौदा फूट तुळई ठणठणीत, आणि भिंतीत गाडलेले हातभर टोक मात्र चहात बुडवलेल्या टोस्टासारखे. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे मोरीकडचं टोक. प्रत्येक चाळीत हेच. मधली तुळई कधी खराब नसते." मामांच्या खोलीतली मोरी डोळ्यांपुढे आली. चार मजल्यांच्या मोऱ्या एकावर एक, प्रत्येकीचे पाणी विटांत झिरपणारे, आणि त्या ओल्या भिंतीत प्रत्येक मजल्याच्या तुळईचे टोक. वरचा गळतीबद्दल खालच्याशी भांडायचा, आणि दोघे मिळून मालकाच्या नावाने बोटे मोडायचे. मालक म्हणायचा, एवढ्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. १९४७ च्या भाडेकायद्याने भाडी गोठली ती गोठलीच, तेव्हा त्याचेही अगदीच खोटे नव्हते. पुढे १९६९ साली सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. त्या वेळी मुंबई बेटावर उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. कुजलेल्या टोकांना लोखंडी चॅनेल आणि टेकू लागले, काही इमारती वाचल्या, काही पावसाळ्यात बसल्या. दर वर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते, तिच्यात राहणाऱ्यांना काय वाटत असेल ते आपण शेतकऱ्यांनी निराळे सांगायला नको. आभाळाकडे बघत झोपणे आपल्यालाही ठाऊक आहे.

सांगायचे म्हणजे, लाकूड वजनाने हरले नाही, वयाने हरले नाही; पाण्याने आणि हयगयीने हरले.

आगीचे काय, असे कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे. पुण्याचा शनिवारवाडा आठवा. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, साग जुन्नरच्या रानातून आला. जुन्नर म्हणजे आपल्या या मुरबाडच्या माथ्यावरच, नाणेघाट चढला की आलेच. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली ती अनेक दिवस चालली, आणि शेवटी दगडी तट व जोती तेवढी राहिली. तेव्हा आगीची भीती काल्पनिक नाही. पण बंबात लाकूड घालणाऱ्या कोणाही गृहिणीला एक गोष्ट माहीत असते. काटक्या भुर्रकन जळतात. जाड ओंडका मात्र रात्रभर धुमसत राहतो आणि सकाळी फोडला तर आतून पांढरा निघतो. बाहेरचा कोळसा आतल्या लाकडाचे रक्षण करतो. जाड तुळई तासाला साधारण दीड इंच या वेगाने आत जळत जाते, म्हणून किती जाडी जादा ठेवायची याचा हिशेब आधी मांडता येतो. लोखंड जळत नाही खरे, पण साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते आणि ते वाकते. वाड्यांना आणि चाळींना खरा धोका जाड तुळयांपेक्षा पातळ फळ्यांचा, जिन्यांच्या पोकळीचा आणि छताखालच्या रिकाम्या जागांचा होता.

आता व्यापाऱ्याच्या त्या शब्दाकडे येतो. तुळई निघत नाही. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या मंडळींपुढे हाच प्रश्न होता. त्यांच्याकडे साग नाही, सूचिपर्णी झाडे. त्यांच्या बारीक फळ्या रग्गड निघत आणि भाव पडलेला. त्यांनी काय केले, तर फळ्या भट्टीत वाळवल्या, इतक्या की ओल शंभरात बारा-पंधरा राहावी, आणि एका थरावर दुसरा आडवा, त्यावर तिसरा उभा, असे तीन, पाच, सात थर चिकटद्रव्य लावून मोठ्या दाबाखाली एकजीव केले. बाजेचे पट्टे उभे-आडवे विणतात तसेच म्हणा. एका दिशेला लाकूड फुगते-आकसते, ते दुसऱ्या दिशेचा थर धरून ठेवतो. यातून तीन मीटर रुंद, पंधरा-सोळा मीटर लांब अशी भिंतच्या भिंत, स्लॅबच्या स्लॅब तयार होते. फळ्या एकाच दिशेने चिकटवल्या की वाटेल तेवढ्या लांबीची तुळई. या सगळ्याला मिळून 'मास टिंबर' म्हणतात. दारे-खिडक्यांची भोके कारखान्यातच पाडून येतात, जागेवर फक्त क्रेनने उचलून स्क्रू मारायचे. काँक्रीटच्या मानाने वजन पाचवा हिस्सा, म्हणून पाया हलका. आणि वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो, तो घर उभे आहे तोवर हवेत जात नाही. सिमेंटची भट्टी मात्र टनामागे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन वायू सोडते.

लंडनमध्ये २००९ साली असे एक नऊ मजली घर झाले. तळमजला काँक्रीटचा, वरचे आठ मजले लाकडाचे, बिऱ्हाडे २९. लाकडी काम चार सुतारांनी २७ दिवसांत उभे केले. चार सुतार! आपल्या गावात साधा कांदाचाळीचा सांगाडा करायला दोन मिस्त्री महिना लावतात. अमेरिकेत मिल्वॉकीला २०२२ साली २५ मजल्यांची इमारत झाली. पण आम्हांला सगळ्यांत जवळची वाटली ती नॉर्वेतली. ब्रुमुंडाल नावाच्या लहानशा गावात २०१९ साली ८५ मीटर उंचीची १८ मजली इमारत जवळपासच्याच रानातल्या लाकडाने उभी राहिली. तीत घरे आहेत, हॉटेल आहे. ती इतकी हलकी झाली की वाऱ्याने डुलेल म्हणून वरच्या सात मजल्यांना मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब घालून वजन वाढवावे लागले. ज्या मोएल्व्हेन कंपनीने ते लाकूड दिले, तिच्यात वनमालक शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांचा मोठा हिस्सा आहे. म्हणजे तिथला शेतकरी झाड विकत नाही. तो चिकटवलेल्या तुळईतला भागीदार आहे. ऊस विकणारा आणि कारखान्याचा सभासद, यांत जो फरक तोच हा.

हे आम्ही आटगावला बाबांना सांगत होतो. ते ऐकून म्हणाले, "सोसायटी व्हती की आमची." आणि मग तासभर आम्हीच ऐकत राहिलो.

स्वातंत्र्याच्या सुमारास, १९४७ साली, बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढल्या आणि ठाणे जिल्हा त्यांचा मोठा गड होता. त्याआधी जंगलाचे कूप लिलावात ठेकेदार घेई, आणि तोडणारा आदिवासी मजुरीसाठी त्याच्या दारात बसे. मजुरीच्या प्रश्नावर या जिल्ह्यात किती मोठी चळवळ झाली ते सर्वश्रुत आहे. सोसायटी झाल्यावर कूप सोसायटीला मिळू लागला. तोडणारेच सभासद. प्रवरानगरच्या आपल्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम १९५० चा. म्हणजे ऊसवाल्यांच्या आधी लाकूडतोड्यांनी सहकार करून दाखवला, हे आपण सभासदांनी ध्यानात ठेवले पाहिजे. बाबा अशाच एका सोसायटीत मुकादम होते. कूप कसा आखायचा, कोणते झाड राखायचे, ओंडका कुठे छाटला म्हणजे डेपोवर भाव येतो, हे त्यांनी आम्हांला त्या तुळयांवर खडूने रेघा मारून दाखवले. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, रानातली तोड आटत गेली. रान वाचले पाहिजे यात शंका नाही. तोड बेसुमार झालीच होती. पण तोडणाऱ्यांच्या हाती काय राहिले? बाबांचे उत्तर चार शब्दांचे होते. "कूप गेला, भट्टी आली." पाऊस संपला की शहापूर-मुरबाडची कातकरी बिऱ्हाडे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांच्या बापजाद्यांनी लाकूड तोडले, ती मंडळी आता विटा थापतात. आणि त्या विटांची घरे आसनगाव-वाशिंदला भराभर उठताना रस्त्यावरून दिसतात.

आता वास्तव बोलू. शहराच्या घरांसाठी लाकूड लागणार असेल तर ते रानातून येऊ शकत नाही, येऊही नये. ते शेतातून, बांधावरून यावे लागेल. असे होते का? होते. उत्तर प्रदेश-हरियाणातले शेतकरी पॉप्लर लावतात आणि यमुनानगरचे प्लायवूडचे कारखाने त्यावर चालतात. पॉप्लर आपल्याकडे येत नाही. निलगिरी, सुरू, मलबार नीम येतात. आमचा सागाचा मोह इथे आडवा येतो. साग तेलकट असतो, त्यामुळे चिकटद्रव्य नीट धरत नाही; ताजा रंधून, पुसून लगेच चिकटवावा लागतो. शिवाय बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वाळवी सोडत नाही, मग ते सागाचे का असेना. पाइनला तर आपल्या हवेत औषध दिल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मोरीचा धडा विसरून चालणार नाही. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात लाकडी इमारत बांधायची तर न्हाणीघर आणि नळ असे ठेवावे लागतील, की गळती झाली तर ती दिसावी आणि तुळईचे टोक भिंतीत कोंडून न राहता त्याला वारा लागावा.

सरकारी बाजूही थोडी सांगतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी केली होती, ती २०२० साली उठवली. राष्ट्रीय इमारत संहितेत लाकूड व बांबूचे वेगळे प्रकरण आहे. गोव्यात अशा चिकटवलेल्या लाकडाचे एक राहते घर उभे राहिले आहे. पण चाळीच्या उंचीची, चार-सहा मजल्यांची वसाहत आपल्याकडे नाही. इंग्लंडनेही ग्रेनफेलच्या २०१७ च्या आगीनंतर १८ मीटरहून उंच राहत्या घरांच्या बाहेरच्या भिंतींत जळणारे साहित्य घालायला २०१८ पासून मनाई केली. ग्रेनफेल लाकडाचे नव्हते, पण त्याचा फटका लाकडालाही बसला. तेव्हा उद्या सकाळी गव्हाणीशेजारी तुळयांचा कारखाना काढू, असे कोणी समजू नये. बगॅसच्या बोर्डाचाही मोह धरू नये. बगॅसचा बोर्ड आडोशाला, छताला चांगला. भार घेणार नाही. आपल्या कारखान्याचा बगॅस बॉयलरलाच बरा.

आणि झाड स्वतःचे असले तरी तोडायचा हक्क मोकळा नाही, हे अनेकांना तोडल्यावर कळते. १९६४ च्या झाडेतोड अधिनियमात साग येतो. परवानगी हवी, वाहतुकीचा पास हवा. सात-बारावर झाडांची नोंद नसेल तर आधी तीच खेप. बांबूचे तसे राहिले नाही. रानाबाहेरचा बांबू २०१७ साली 'झाड' या व्याख्येतून निघाला.

मिस्त्रीला आम्ही आमच्या ३७ झाडांची गोष्ट सांगितली आणि विचारले, यांतून चार इंची फळ्या निघतील का. तो म्हणाला, "निघतील की. फळी निघते, तुळई नाही." बाबा हसले. "मंग फल्याच चिकटवा. तुमी सांगतां तसा."

एकट्याच्या ३७ झाडांसाठी भट्टी किंवा प्रेस कोणी लावणार नाही. पण आपल्या कार्यक्षेत्रात सगळ्यांच्या बांधांवर मिळून किती लाकूड उभे आहे, हे कोणालाच माहीत नाही. उसाचे क्षेत्र गुंठ्यापर्यंत आपल्या नोंदीत असते, झाडांचे नाही. म्हणून चेअरमनसाहेबांच्या संमतीने आम्ही एक तक्ता करून गट ऑफिसांत ठेवला आहे. ज्यांच्या बांधावर साग, निलगिरी, सुरू वा मलबार नीम आहे, त्यांनी झाडांची संख्या, लावल्याचे साल आणि जमिनीपासून साडेचार फुटांवरचा घेर लिहून द्यावा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती फुटपट्टीवर मोजली तरी चालेल. चिटबॉय लागण नोंदवायला येतील तेव्हा त्यांच्याकडे चिठ्ठी दिली तरी पोहोचेल. आमची मोजून झाली: सगळ्यांत जाड तीन फूट दोन इंच, सगळ्यांत बारीक एक फूट अकरा.